थोरल्याकडचा कागद

आमच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा संगणक आमच्या वाट्याला आला आणि त्याचा परवाना थोरल्या काकांच्या. हा घोटाळा कसा झाला ते आधी सांगते, कारण आमच्याकडच्या माणसांखेरीज तो दुसऱ्या कुणाला जमला नसता.

संगणक बाबांचाही नव्हता आणि काकांचाही. तो माझ्या आईने आणि काकीने, म्हणजे दोघी जावांनी मिळून घेतलेला. दोघी मे महिन्यात आंबापोळी करायच्या आणि पाकिटं गणपतीपुळ्याच्या दुकानांत द्यायच्या. दुकानदार हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या घेईनात, त्यांना छापील लेबल हवं. म्हणून संगणक आला, आणि तो शिकवायचं काम माझ्यावर आलं. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते, तरी आयुष्यातले सर्वांत हट्टी विद्यार्थी मला घरातच मिळाले. दोघींना एकेकटीने संगणक कधीच आला नाही. एका बाकावर शेजारी शेजारी बसायच्या, कीबोर्ड थोरलीकडे, माउस धाकटीकडे. काकी एका बोटाने अक्षरं शोधायची आणि आई तोवर माउस धरून श्वास रोखून थांबायची. एक लेबल व्हायला अख्खी दुपार जायची. त्यात मधूनच हसू यायला लागलं की काम तिथेच राहायचं. मी आतून ओरडायची, की अगं निदान सेव्ह तरी करा.

मग बाबा आणि काकांचं सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरच्या जागेवरून फाटलं. काकांना ती विकायची होती, बाबांना नव्हती. चूक कुणाची हे मी आजही सांगणार नाही, कारण मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. सांगायचं ते एवढंच, की भांडले दोन भाऊ आणि बोलणं बंद झालं चौघांचं. आईचं आणि काकीचं आपसात काहीही बिनसलं नव्हतं. पण ज्या दिवशी बाबांनी काकांशी बोलणं सोडलं, त्या दिवशी आईनेही तोंडात मिठाची गुळणी धरली. काकीनेही तेच केलं. आमच्याकडे हे असंच होतं, कुणी सांगावं लागत नाही.

वाटण्यांच्या दिवशी भावकीतले चार जाणते ओटीवर बसले. पातेली झाली, पंप झाला, शिडी झाली. संगणक धाकट्याकडे, मिक्सर थोरल्याकडे असं ठरलं. मी मिक्सर गेल्याच्या दुःखात होते, तेवढ्यात टेबलाचा खण रिकामा केला गेला. त्यात संगणकाच्या परवान्याचं कार्ड होतं, पंचवीस अक्षरं छापलेलं, कोपऱ्यात चकाकणारा शिक्का असलेलं. जाणत्यांतल्या सर्वांत वयस्क आजोबांनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. घराचे कागद थोरल्याकडे राहायचे ही आमची रीत. सातबारे, घरपट्टीच्या पावत्या, खरेदीखतं सगळी त्याच्याच ट्रंकेत. आजोबांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि हा कागद थोरल्याकडे जाऊ दे म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. ते कार्ड सातबाऱ्यांच्या चवडीत बसलं आणि काकांच्या बिऱ्हाडाबरोबर पालीला गेलं.

पाली काही लांब नाही, कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की एसटी तासाच्या आत सोडते. पण सहा वर्षांत आमच्या घरातून कुणी त्या गाडीत बसलं नाही. काकांनी तिथे रस्त्यालगत दुकान टाकलं, काकी तिथे वेगळ्या पोळ्या घालू लागली, एवढं कानावर यायचं. आई इकडे एकटी घालायची. लेबलं मी करून द्यायची. बाकाची दुसरी बाजू रिकामी असायची आणि आईने त्यावर पिशव्या ठेवायला सुरुवात केली होती.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी वळवाच्या विजा झाल्या आणि संगणक बंद पडला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि आतला मुख्य बोर्ड गेल्याचं सांगितलं. नवा बोर्ड घातला, सिस्टीम पुन्हा भरली आणि चौथ्या दिवशी संगणक घरी आला. चालू केला तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटलेली, ही सिस्टीम ॲक्टिव्हेट करा म्हणून. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने समजावलं, की बोर्ड बदलला की सिस्टीमला वाटतं हा संगणकच दुसरा आहे, ती आपल्याला ओळखत नाही. परवान्याची की, म्हणजे कार्डावरची ती पंचवीस अक्षरं पुन्हा टाका, ओळखेल. की नसेल तर तसंच वापरा, लेबलं छापायला काही अडत नाही. नाहीतर मी करतो इकडून तिकडून काहीतरी, असंही म्हणाला.

म्हणजे तीन सोपे मार्ग होते. तसंच वापरायचं, इकडून तिकडून काहीतरी करायचं, किंवा नवी की विकत घ्यायची, जे काम मी बसल्या जागी दहा मिनिटांत केलं असतं. मी आईला तिन्ही सांगितले. आईने तिन्हींना नाही म्हटलं. तसंच वापरायला तिला त्या कोपऱ्यातल्या अक्षरांची लाज वाटत होती, जसं काही दारावर कुणी नोटीस डकवली आहे. इकडून तिकडून करणं म्हणजे चोरी. आणि नवी कशाला घ्यायची, आपली आहे की.

मी म्हटलं, आहे, पण ती पालीला आहे. आई पोळीची ताटं पुसत होती. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे, ट्रंकेत उजव्या हाताला, सातबाऱ्यांच्या खाली. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरी गेलेला कागद कुठल्या हाताला आहे हे जिला ठाऊक आहे, तिला संगणकाची काळजी नाही, हे माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं नाही. मी चिडले. पाकिटं भरायला झाली होती, हवा दमट व्हायला लागली होती, आणि ही बाई एका कार्डासाठी अडून बसली होती. मी तिला बरंच काही बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि ताटं पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा बागेत गेल्यावर तिने पदराला हात पुसले, आपल्या फोनात नंबर राहील म्हणून माझा मोबाईल मागितला आणि काकीचा नंबर दाबला. माझ्या फोनात तो नव्हता. तिने तो पाठच दाबला, एकदाही न थांबता. मग फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

काकीने उचलला. आई म्हणाली, "आक्का, मी बोलतंय."

पलीकडून आवाज आला. "वळाखला गो. काय झाला?"

आईने संगणकाचं सगळं सांगितलं. वीज, बोर्ड, कोपऱ्यातली अक्षरं. इतक्या वर्षांनी जावेशी पहिल्यांदा बोलताना माणूस काहीतरी वेगळं बोलेल असं मला वाटलं होतं, पण ती दुरुस्तीवाल्याच्या भाषेत बोलत होती. काकीही त्याच भाषेत उत्तरं देत होती. शेवटी काकी म्हणाली, की थांब, ट्रंक उघडते. मग आम्ही ट्रंकेची कडी ऐकली, कागदांची सळसळ ऐकली आणि बराच वेळ नुसतं पंख्याचं घरघरणं ऐकलं. मला तो वेळ फार लांबलेला वाटला. ट्रंक इथे तर त्यांच्या खाटेखालीच असायची, एवढा वेळ कशाला लागतो हे कळेना. आईने माझ्याकडे पाहिलं, तिलाही तेच वाटलं असावं.

मी कीबोर्डपुढे बसले. आई माझ्या शेजारी, पिशव्या खाली ठेवून, बाकाच्या दुसऱ्या बाजूला. काकी अक्षरं सांगू लागली. दोघींचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, आणि फोनवर बी, डी, पी, टी सगळी सारखीच ऐकू येतात. त्यामुळे काकीने प्रत्येक अक्षराला एकेक वस्तू लावायला सुरुवात केली. के, कोकमातला. टी, तवशातला. जी, फणसाच्या गऱ्यातला. मधले आकडे नुसते आकडे. आई प्रत्येक अक्षर तिच्यामागून म्हणायची आणि मी टाकायची. पहिल्या पाच अक्षरांत दोघींचे आवाज अगदी बँकेच्या खिडकीवरचे होते. दुसऱ्या पाचांत ते सैल झाले. पी आला तेव्हा काकी म्हणाली पातोळ्यांचा, आणि आई म्हणाली हळदीची पानं यंदा चांगली होतील. काकीने त्याला हूं केलं. आर, रातांब्यातला. जे, जांभळातला. मी मान खाली घालून टाइप करत होते, कारण वर पाहिलं असतं तर मला आईचा चेहरा दिसला असता.

चौथ्या पाचांत काकी अडखळली. एक्स होता. त्याला घरातली कुठलीच वस्तू लागेना. मग म्हणाली, "एक्स. एक्सरे काढतात, त्यातला."

आईने सवयीने मागून म्हटलं, एक्सरेतला. आणि मग विचारलं, "कुनाचा काढला?"

"माजाच. गुडघ्याचा."

हळूहळू सगळं निघालं. दिवाळीच्या आधी काकी विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. गुडघ्याचं हाड सरकलं, मग प्लास्टर, मग व्यायाम, आणि अजूनही खाली बसता येत नाही. म्हणून ट्रंकेला इतका वेळ लागला. काठीने पुढे ओढावी लागली. सून आहे, ती सगळं करते, पण ती दुकानही बघते. काकी हे सगळं तक्रार न करता सांगत होती, अक्षरं सांगितली तशीच.

आई म्हणाली, "मला कळवायचं व्हतंस. मी आली असती."

"आली असतीस, ता ठाव व्हता मला," काकी म्हणाली. "आनि मग तुला घरात बोलनी बसली असती. म्हनून नाय बोलावला."

आईने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला इतका राग आला, बाबांचा, काकांचा, त्या सड्यावरच्या जागेचा, जिथे आजही गवताशिवाय काही नाही. आणि माझाही आला. मी शिकलेली मुलगी, सहा वर्षं मीही मूग गिळून बसले होते. मला कुणाची बोलणी बसणार होती?

उरलेली अक्षरं काकीने घाईने सांगितली आणि मी बटण दाबलं. सिस्टीमने की घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाली, की खात्री पटत नाही, अमुक नंबरवर फोन करा. मी आईच्या फोनवरून तो लावला आणि तोही स्पीकरवर टाकला, काकी माझ्या फोनवर होतीच. तिकडून एक यंत्रातली बाई हिंदीत बोलू लागली. पडद्यावरचे आकडे तिला द्यायचे होते, ते मी दाबत गेले. सगळे झाल्यावर तिने विचारलं, की ही सिस्टीम तुम्ही एकूण किती संगणकांवर घातली आहे? एकावर असेल तर एक दाबा.

यात विचारण्यासारखं काही नव्हतं. माझं बोट एकवर गेलंच होतं. पण दुसऱ्या फोनातून काकीचा आवाज आला. तिने ते ऐकलं होतं.

"आमच्याकडं पन घातलान हाय. सूनबायनं. त्याच कार्डावरून."

सुनेने माहेरून एक जुना संगणक आणला होता, त्यावर. कार्ड घरात होतं, टाकलं. काकीला वाटलं होतं की कागद आपल्याकडे आहे म्हणजे चालतं. हे तिने चोरी पकडली गेल्यासारखं सांगितलं.

आईने माझं बोट धरलं. अक्षरशः मुठीत धरलं. तिने मला विचारलं की एक दाबलं तर काय होईल. मी खरं ते सांगितलं, की आपला चालू होईल, आणि कधी ना कधी तिकडचा ओळख विसरेल. यंत्रातली बाई पुन्हा तोच प्रश्न विचारत होती. आई म्हणाली, राहू दे. काकी तिकडून म्हणाली, राहू दे नको, दाब गो, आमचा काढून टाकायला सांगते. आई म्हणाली, अजिबात काढायचा नाही. काकी म्हणाली, संगणक मुळात तुझ्या वाट्याचा. आई म्हणाली, कागद तुझ्या वाट्याचा. तुझ्याकडे राहू दे, नाही तुझ्याकडे, असं दोघींचं चांगलंच जुंपलं. यंत्रातल्या बाईने तिसऱ्यांदा विचारलं, आमची वाट पाहिली आणि धन्यवाद म्हणून फोन ठेवून दिला.

मी तेव्हा सांगू शकले असते, की नवी की दहा मिनिटांत येते, भांडू नका. सांगितलं नाही. आयुष्यात मी कधी कधी शहाण्यासारखी वागले आहे, त्यातली ही एक वेळ. कारण भांडणाच्या शेवटी आईने म्हटलं, की उद्या येऊन काय ते ठरवू.

बाबांना तिने संध्याकाळी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. कागदाचं काम आहे म्हणाली, आणि आक्काचा गुडघा मोडला होता, ते तुम्हाला ठाऊक होतं का, असं विचारलं. बाबा दिवाळीतच बाजारात कुणीतरी सांगितलं होतं असं पुटपुटले. आई त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. मी माझ्या बापाला इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी ते आमच्याआधी उठले, बागेतले दहा-बारा आंबे पेपरात बांधून त्यांनी पिशवीत घातले आणि पिशवी स्टँडपर्यंत स्वतः धरली. गाडी सुटेपर्यंत थांबले, पण आंबे कुणासाठी ते बोलले नाहीत.

पालीला काका दुकानात होते. आम्हाला पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आत आहे म्हणाले. काकी खाटेवर पाय लांब करून बसली होती. भोवती आंबापोळीची पाकिटं पसरलेली, कार्ड उशाशी. ती उठायला गेली, आईने तिला खांदा धरून खाली बसवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला वाटलं आता रडतील, पण आईने गुडघ्यावरचं लुगडं सारून सूज पाहिली आणि तेल कुठलं लावतेस असं विचारलं. काकीने शिशी दाखवली. आईने वास घेऊन नाक मुरडलं. मी स्टूल घेऊन बसले आणि मला बरं वाटलं.

आईला रिकाम्या हाताने बसवत नाही. तेल चोळून झालं, हात धुतले, मग ती पाकिटं एकावर एक रचायला लागली. चार-पाच रचली आणि थांबली. एक उचलून दाराच्या उजेडाला धरलं. लेबल साधं होतं, आमच्यासारखंच. वजन, जिन्नस, आणि खाली बनवणाऱ्याचं नाव. तिथे नाव एक नव्हतं, दोन होती. आधी काकीचं, मग आईचं.

मी दुसरं पाकीट पाहिलं. सगळ्यांवर तसंच होतं. सहा वर्षं ही बाई कोल्हापूरच्या रस्त्याला माझ्या आईच्या नावाने पोळी विकत होती.

आमच्या लेबलावर एकच नाव होतं. वाटण्या झाल्या त्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते की ते नाव काढा, आणि मीच काढलं होतं, आईच्या देखत. एक ओळ निवडायची, एक बटण दाबायचं, पाच सेकंदांचं काम. आईने तेव्हा काही म्हटलं नव्हतं.

ती पाकीट हातात घेऊन उभी राहिली. मग काकीकडे वळून म्हणाली, "आक्का, मी तुजा नाव काढला."

मी मध्ये पडले, की काढलं मी, तिने नाही. दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"ठाव हाय," काकी म्हणाली. "दरसाल पुळ्याहून तुजा एक पाकीट आनवतंय मी. पोळी बरी करतंस अजून."

आई खाटेच्या कडेला बसली आणि तिथे मात्र तिला रडू आवरलं नाही. काकीने तिला थोडा वेळ रडू दिलं. मग उशाजवळची लेबलांची चवड पुढे सरकवली आणि म्हणाली, अर्धी तुझ्या पिशवीत घाल, तुझ्या पाकिटांना लाव, नवी छापायला कशाला हवीत.